बॉनेटवरची देवळी

सासऱ्यांची गाडी पीयूसीत पहिल्यांदा नापास झाली तेव्हा ॲक्सिलरेटरवर पाय माझा होता. त्यांचा असता तर परीक्षाच झाली नसती. डिझेल गाडीच्या धुराची चाचणी म्हणजे गाडी जागेवर उभी ठेवायची, सायलेन्सरमध्ये नळी खुपसायची आणि ॲक्सिलरेटर एकदम तळाला टेकेपर्यंत दाबून सोडायचा. तेही पुन्हा पुन्हा. ज्या माणसानं एकतीस वर्षं एसटी चालवली त्याच्या पायाला हे जमेना. पेट्रोल पंपाच्या कडेला व्हॅन लावून बसलेला पीयूसीवाला म्हणाला, "काका, पूर्ण दाबा."

"गाडी उभी असताना इंजिन असं वरडवायचं नसतं," सासरे म्हणाले. "वाटोळं व्हतं त्याचं."

तिसऱ्यांदा हेच झालं तेव्हा मी म्हटलं, "मामा, उतरा तुम्ही." सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात. ते मला बाई म्हणतात, कारण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि अख्खं वाशी गाव मला तेच म्हणतं.

मी बसले आणि दाबला. माझ्या स्वभावाला ते काम सोपं होतं. मागून जो काळा लोट निघाला त्यात आधी पीयूसीवाला दिसेनासा झाला, मग त्याची व्हॅन. पलीकडच्या रसवंतीवाल्यानं ग्लासांवर फडकं टाकलं आणि आमच्याकडं असं बघितलं की मला मान खाली घालावी लागली. यंत्रातून कागद आला. नापास. मुलांच्या बाबतीत हा शब्द आम्ही फार जपून वापरतो. गाडीच्या बाबतीत कुणी जपत नाही.

गोष्ट साधी नव्हती. गाडीला पंधरा वर्षं होत आली होती आणि महिनाअखेर तिची नोंदणी संपत होती. पुढं पाच वर्षं वाढवून घ्यायची तर धाराशिवला आरटीओत नेऊन दाखवायची, आणि पीयूसी नसेल तर तिथं गाडीकडं कुणी मान वळवून बघत नाही. माझ्या नवऱ्यानं आधीच निकाल देऊन टाकला होता: पास झाली तर ठीक, नाहीतर भंगारात. त्यावर मामा एवढंच म्हणाले होते, "ही गेली की माझ्या हातातलं स्टेअरिंग गेलं. या वयात दुसरी घेणार न्हाय मी." नवऱ्याला ते नेहमीचं बोलणं वाटलं. मला वाटलं नाही, कारण गाडी येण्यापूर्वीचे मामा मी रोज बघत होते. रिटायर झाल्यावर दोन वर्षं ते सकाळी उठून स्टँडवर जात, बाकावर बसत, सुटणाऱ्या गाड्या बघत आणि जेवणाच्या वेळेला घरी येत. कुणी विचारलं तर म्हणत, "वेळेवर सुटत न्हाईत आता." दिवसभरात तेवढंच एक वाक्य.

मग त्यांनी ही गाडी घेतली. जुनी, लहानशी, चार माणसं अवघडून बसतील एवढी. आणि लगेच धाराशिवच्या एका मिस्त्रीकडं नेऊन तिला पळती करून आणली. इंजिनात जादा हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवला, इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून घेतली, सायलेन्सरमधली धूर गाळणारी जाळी काढून सरळ पाइप टाकला. बॉनेट मधोमध कापून त्यावर पुढून उघडा असा उंचवटा बसवला, इंजिनाला थेट हवा मिळावी म्हणून. गाडी लहान आणि आवाज ट्रकचा. हे करणारा माणूस साठीला टेकलेला, धोतर-टोपीतला. गावानं थट्टा करायची बाकी ठेवली नाही आणि त्यात मीही होते.

त्यांच्या डोक्यातला हिशेब मात्र पक्का होता. एसटीच्या गाडीचा वेग बांधून दिलेला असतो. कितीही दाबा, ती त्याच्यापुढं जात नाही. त्या बांधलेल्या गाडीतून मामांनी नवरात्रात आणि पौर्णिमेला निम्मा जिल्हा तुळजापूरला नेऊन सोडला. त्या दिवसांत ड्रायव्हरच्या रजा बंद असतात, त्यामुळं स्वतःच्या बायकोला घेऊन देवीला जाणं त्यांना कधी जमलं नाही. शिवाय सासूबाईंना गाडी लागायची. वाशीतून निघालं की तेरखेड्यापर्यंत त्या बऱ्या असत, येरमाळ्याच्या घाटात पिशवी काढावीच लागे. मामांचं म्हणणं असं, की हिला गाडी लागायला ठराविक वेळ लागतो. तेवढ्या वेळात तुळजापूर गाठलं की प्रश्न मिटला.

पहिल्या मंगळवारी सासूबाई मागच्या सीटवर डोळे मिटून, गालात आलेपाकाची वडी धरून बसल्या आणि पिशवी न काढता तुळजापुरात उतरल्या. मामांनी मिस्त्रीला तिथूनच फोन लावला. त्यानंतर सहा वर्षं दर मंगळवारी दोघं जात राहिले. सुट्टी असली की मीही जायचे, पुढच्या सीटवर, हँडल घट्ट धरून. माणूस आता घरात बोलत होता, खात होता, भांडत होता. म्हणून गाडीबद्दल कितीही कटकट केली तरी ती जावी असं मला वाटत नव्हतं.

तर पहिल्या नापासानंतर पंपावर हवा भरायला आलेला एक गृहस्थ म्हणाला, "नळी जराशी बाहेर धरली तर यंत्राला काय कळतंय?" पीयूसीवाल्यानं हे ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. खोटं कशाला बोलू, मी लगेच तयार होते. मे महिन्याचं ऊन होतं आणि मला घरी जायचं होतं. मामा त्या गृहस्थाला म्हणाले, "ब्रेक बघितल्याबिगर डेपोच्या वहीत सही केली न्हाय मी कधी. आता म्हातारपणी करू व्हय?" विषय संपला.

मग मिस्त्री. तो म्हणाला, गाडी होती तशी करावी लागंल, पण जुनं सामान आता कुठून आणायचं? मामा लगेच उठले. घरी येऊन शिडी लावली आणि माळ्यावरून दोन पोती खाली घेतली. एसटीच्या डेपोत जुना पार्ट जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही. ती सवय त्यांच्या हाडात गेलेली. काढलेली प्रत्येक वस्तू त्यांनी तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवली होती आणि प्रत्येकीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधून त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहिले होते. जुना टर्बो, जाळीसकट सायलेन्सर, अगदी नटबोल्टसुद्धा. मिस्त्री पोत्यासमोर उकिडवा बसला आणि एकेक चिठ्ठी वाचत राहिला.

चार दिवसांनी गाडी परत आली. आवाज गेला होता. मामांनी ती गल्लीतून एकदा फिरवून आणली आणि दाराशी लावून म्हणाले, "एसटी झाली हिची." ते हसले, पण त्यांना वाईट वाटलेलं मला दिसलं. मी म्हटलं, "पास तर होईल."

झाली नाही. तोच पंप, तीच नळी, तोच माझा पाय. धूर आधीपेक्षा कमी होता पण काळाच होता, आणि कागदावर पुन्हा तेच. पीयूसीवाल्यालाही वाईट वाटलं. त्यानं स्वतःहून आणखी एकदा यंत्र लावून बघितलं. तिसऱ्या कागदावरही फरक नाही. महिना संपायला सहा दिवस होते. माझ्या डोक्यावर ऊन, नाकात धूर, पदराला काजळी. माझा तोल गेला. पंपावरच्या सगळ्यांसमोर मी म्हणाले, "मामा, देऊन टाका ही भंगारात आणि सोडवा एकदाचं सगळ्यांना."

ते "बरं" म्हणाले. किल्ली माझ्या हातात दिली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. घरापर्यंत मी गाडी चालवली. सहा वर्षांत ते पहिल्यांदाच त्या बाजूला बसले होते.

संध्याकाळी ते स्टँडवर गेले आणि बाकावर जाऊन बसले. हे मला भाजीवालीनं सांगितलं. घरात सासूबाई म्हणत होत्या, "जाऊ की एसटीनं मंगळवारी. मला आता काय व्हत न्हाय." त्यांच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. मला स्वतःचा इतका राग आला होता की भाकरी थापताना दोन करपल्या. वर्गात एखादा पोरगा चुकला तर मी त्याला सगळ्यांसमोर बोलत नाही, आणि बापाच्या वयाच्या माणसाला मी पंपावर बोलले होते.

सकाळी मी त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि म्हटलं, "आवरा. मिस्त्रीकडं जायचंय."

"कशाला? तूच म्हणलीस ना काल."

"काल ऊन लागलं होतं मला. अजून पाच दिवस आहेत."

ते टोपी घालायला उठले. माफी मागायची मला सवय नाही आणि त्यांना ऐकायची नाही, त्यामुळं तेवढ्यावर भागलं.

मिस्त्रीनं इंजिन चालू करून सायलेन्सरपाशी हात धरला, मग हाताला लागलेली काजळी बघत उभा राहिला. "डिझेल आपण कमी केलंय," तो म्हणाला. "तरी धूर काळाच. म्हंजे हवा कमी पडतीय." मग जरा खजील होऊन म्हणाला, "एअर फिल्टर बघितला न्हाय आपण." हा फिल्टर त्यानंच सहा वर्षांपूर्वी बसवलेला, परदेशी बनावटीचा. याला जन्मभर हात लावायचं काम न्हाय, असं त्यानंच सांगितलं होतं, आणि मामा सांगितलेलं पाळणारे. बॉनेटवरच्या उंचवट्यातून येणारी हवा खाली एका डब्यात जायची आणि त्या डब्यात हा फिल्टर होता. मिस्त्रीनं डब्याचं झाकण काढलं आणि पान्हा हातात धरून नुसता बघत राहिला.

आत लाल होतं. गंज नव्हे, कुंकू. त्यात हळद, तांदळाचे दाणे, झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या. गाडी धुताना आत गेलेल्या पाण्यानं सगळं भिजून, पुन्हा वाळून, फिल्टरवर बोटभर जाडीचा गिलावा बसला होता. इतक्या गिलाव्यातून हवा कुठून जाणार? गाडी इतके दिवस चालली हेच नवल.

मामांनी माझ्याकडं बघितलं आणि मी त्यांच्याकडं. दोघांनाही एकाच वेळी समजलं होतं. दर मंगळवारी निघताना सासूबाई ताट घेऊन बाहेर येत आणि गाडीची पूजा करत. बॉनेटवरचा तो पुढून उघडा उंचवटा त्यांना भिंतीतल्या देवळीसारखा दिसला असणार, दिवा ठेवायचा कोनाडा असतो तसा. त्यात त्या हळदकुंकू वाहत, अक्षता टाकत, एक फूल ठेवत. परत येईपर्यंत फूल तिथं नसायचं. हे आम्ही सगळ्यांनी सहा वर्षं उघड्या डोळ्यांनी बघितलं होतं. मी तर एकदोनदा ताट धरून शेजारी उभी होते. कुणाच्या मनात आलं नाही की टाकलेलं जातं कुठं. मी विज्ञान शिकवते, हेही इथं सांगून टाकते.

मला आधी हसू फुटलं आणि मग एकदम डोळ्यांत पाणी आलं. गाडी धडधाकट होती. इंजिनाला काही झालं नव्हतं. जे झालं होतं ते बोटानं खरवडून निघणारं होतं. इतकं मोकळं मला बारावीचा निकाल लागला तेव्हासुद्धा वाटलं नव्हतं.

मिस्त्री झाडू घ्यायला निघाला आणि मध्येच थांबला. मग आतून कोरा कागद घेऊन आला, त्यावर तो सगळा लाल थर अलगद उतरवला आणि पुडी बांधून मामांच्या हातात दिली. "कचऱ्यात नगा टाकू," म्हणाला. मामांनी ती खिशात ठेवली. घरी जाताना वाटेत एका वडाखाली गाडी थांबवून ती बुंध्याशी ठेवली, आणि परत आत बसल्यावर मला म्हणाले, "बाई, तिला सांगायचं न्हाय."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

"लई मनाला लावून घेईल ती."

नवा साधा फिल्टर बसला. बॉनेटवरची देवळी मिस्त्रीनं पत्रा जोडून बंद केली आणि वरून रंग मारला, कारण तसलं काही आरटीओत चालणार नव्हतं. तिसऱ्या वेळी पंपावर गेलो तेव्हा रसवंतीवाल्यानं आम्हाला बघूनच फडकं काढलं. मी दाबला. एकदा, दोनदा, पुन्हा. मागं काही झालं नाही. पीयूसीवाला यंत्राकडं बघत राहिला, मग उठून त्यानं मागच्या नंबर प्लेटचा फोटो काढला. फोटो काढला म्हणजे पास, एवढं आम्हाला तोवर कळलं होतं. मामांनी तो कागद दोन वेळा वाचला, घडी न घालता शर्टाच्या आत सरकवला आणि पीयूसीवाल्याला, मला आणि रसवंतीवाल्यालाही उसाचा रस पाजला. दोन दिवसांनी आरटीओत साहेबांनी गाडीभोवती चक्कर मारली, दिवे बघितले, हॉर्न वाजवून घेतला, चेसीचा नंबर ताडून पाहिला आणि सही केली. पाच वर्षं. मामा त्या साहेबांना नमस्कार करून बाहेर आले ते थेट चहाच्या टपरीवर जाऊन बसले.

सासूबाईंना बॉनेट बघून धक्का बसला. "देवळी कुठं गेली?"

"पावसाचं पाणी जायाचं आत," मामा दुसरीकडं बघत म्हणाले.

त्या थोडा वेळ त्या रंगवलेल्या पत्र्यावरून हात फिरवत राहिल्या. मग मंगळवारी ताट घेऊन आल्या तेव्हा नंबर प्लेटच्या कोपऱ्याला बोटानं कुंकू लावलं आणि मागं जाऊन बसल्या. शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही पुढं बसले.

मामा त्या दिवशी अवघडलेले होते. गाडी आता पळत नव्हती. हायवेवर ट्रक आम्हाला मागं टाकून जात होते आणि प्रत्येक ट्रकसरशी ते आरशातून मागं बघत. तेरखेडं गेलं. येरमाळ्याचा घाट आला. मी पिशवी काढून मांडीवर ठेवली. मागून काही आवाज नाही. घाट उतरलो तेव्हा मामांनी विचारलं, "मळमळतंय का?"

"न्हाय की," सासूबाई म्हणाल्या. मी वळून बघितलं. त्यांचे डोळे उघडे होते. खिडकीतून त्या शेतं बघत होत्या, आलेपाकाची न उघडलेली पुडी हातात तशीच होती.

"आता येळ लागंल पोचायला," मामा म्हणाले. "पहिल्यासारखी न्हाय राहिली ती."

"बरं झालं. लई भ्या वाटायचं मला."

मामांनी आरशातून मागं बघितलं. मग मामा म्हणाले, "कशाचं भ्या?"

"तुमी पळवायचा त्याचं. डोळं मिटून बसायची मी. पोटात नुसतं ढवळायचं, एसटीपेक्षा जास्ती. तोंडात वडी धरून कसं तरी निभवायची."

"सहा वर्षं?" मामांचा आवाज बदलला होता. "मग सांगायचं न्हाय का?"

"काय सांगायचं? जलमभर बांधल्या गाडीत बसलात. ही पळवताना मधीच डोळं उघडलं की तुमचं तोंड बघायची मी आरशात. एवढं खूश कधी बघितलं नव्हतं तुमाला." त्या पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या आणि सहज म्हणाल्या, "म्हणून तर दर मंगळवारी त्या देवळीत कुंकू टाकून आईला सांगायची, माणसाला काय म्हणू नको, गाडीला तेवढं हळू कर. केलं बघा आईनं."

मामांनी इंडिकेटर दिला. एसटीतल्या शिस्तीनं आरसा बघून, गाडी डांबराच्या खाली घेऊन उभी केली, हँडब्रेक ओढला आणि स्टेअरिंगवर दोन्ही हात टेकून हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांना बघून मलाही आवरेना. सासूबाई मागून विचारत राहिल्या, काय झालं, काय झालं म्हणून, आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघून मान हलवत होतो. मग मामांनी टोपीनं डोळे पुसले, हात मागं करून त्यांच्याकडची आलेपाकाची पुडी मागून घेतली, एक वडी तोंडात टाकली आणि गाडी सावकाश रस्त्यावर घेतली.